ठेवणीतला विषाणू

पोलादी मिरचीला रोग लागत नाही, यावर त्या सगळ्या पट्ट्यात एकमत होतं. बाकी कशावर म्हणून तिथल्या माणसांचं जमत नसे. पाण्याच्या पाळीवरून, रस्त्यात लावलेल्या गाड्यांवरून, एकाच्या काचघराची सावली दुसऱ्याच्या काचघरावर पडते म्हणून ती वर्षानुवर्षं भांडत आली होती. पण पोलादीचं नाव निघालं की सगळी एका सुरात बोलत. आणि ती जात काढणारे बियाणे केंद्रातले डॉक्टर म्हणजे 'आपले डॉक्टर'. माणसांना तपासणारे डॉक्टरही त्या भागात होते, पण त्यांना बिचाऱ्यांना नावाआधी 'दवाखान्यातले' असं लावून घ्यावं लागे.

पोलादीची करामत साधी होती. विषाणू पानात शिरला की तेवढीच जागा ती स्वतःहून जाळून टाकायची. पानावर टाचणीच्या डोक्याएवढा तपकिरी ठिपका राहायचा आणि विषाणू तिथेच कोंडून मरायचा. लोक पाहुण्यांना ते ठिपके मोठ्या हौसेनं दाखवत, जसं काही लढाईवरून आलेल्या मुलाच्या अंगावरचे वण दाखवावेत. पूर्वी काचघरात शिरताना साबणानं हात धुवायचे, अंगावरचा कोट बदलायचा, कातर उकळून घ्यायची. पोलादी आली आणि हे सगळे नखरे संपले. माणसाला एखादा त्रास चुकवायला कारण मिळालं की तो ते कारण देवासारखं जपतो. पोलादी तसं कारण होती.

डॉक्टर पंचावन्नचे झाले होते, पण थोरल्या बहिणीसाठी अजून 'छोट्या' होते. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. सुट्टीच्या दिवशी ते ताईकडे जेवायला जात. सकाळी केंद्रातल्या चाचणीघरातल्या रोपांना पाणी घालायचं, कारण त्या दिवशी कामगार नसत, आणि तिथून तसंच, त्याच कोटात, ताईचं घर गाठायचं. जेवणाआधी तिच्या काचघरात एक फेरी ठरलेली. शेजारच्या लहान मुलाचा गालगुच्चा घ्यावा तसं ते जाता जाता प्रत्येक झाडाचं एखादं पान अंगठा आणि बोटात धरून हलकेच चोळत. ताईला ते पाहायला आवडे. तिला वाटे, आपला भाऊ झाडांशी बोलतो.

त्या सुट्टीला मात्र ती फाटकातच उभी होती.

"छोट्या, आधी काचघरात चल. आणि काही सांगितलं की नुसतं हसायचं नाही."

भावोजी पायरीवर बूट पुसत बसले होते. "मेहुणे, तुमच्या पोलादाला गंज चढला म्हणते तुमची ताई. मी म्हटलं, पाहुण्याला आधी जेवू दे, मग त्याचं तोंड पाड."

"तुम्हाला सगळ्याची चेष्टा," ताई म्हणाली.

दाराजवळच्या ओळीत तिनं एक फांदी वाकवून दाखवली. कोवळ्या पानांवर फिकट आणि गडद हिरव्याचे चट्टे उठले होते, कडा मुरडल्या होत्या. खालच्या मिरच्या वेड्यावाकड्या, एका अंगानं फुगलेल्या. डॉक्टरांनी पान उजेडाकडे धरलं. त्यावर एकही तपकिरी ठिपका नव्हता. पोलादीनं काहीच जाळलं नव्हतं. विषाणू समोरून आला आणि तिनं त्याला घरचं माणूस समजून आत घेतलं, असा त्याचा अर्थ होता.

"पोटॅश कमी पडलं असेल," डॉक्टर म्हणाले. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस बोलतो तेव्हा फार घाईनं बोलतो.

"पोटॅश काय दाराजवळच कमी पडतं?" ताईनं कमरेवर हात ठेवले. "मला वेडी समजतोस? हे दारातून आत चाललंय. म्हणजे बाहेरून आलंय. म्हणजे बाहेरून येणाऱ्या माणसानं आणलंय."

"बाहेरून तर मेहुणेही येतात," भावोजी दारातून म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा हो! मी त्या दोरीवालीबद्दल बोलतेय. आज इथे, उद्या तिथे, दहा घरचे हात लावून येते. मी म्हणतच होते."

ती असं कधीच म्हणत नव्हती. उलट दोरीवालीसारखी बाई शोधून सापडणार नाही, हे तिनंच निम्म्या पट्ट्याला सांगितलं होतं. दोरीवाली मिरचीच्या फांद्या छताच्या तारेवरून सोडलेल्या दोऱ्यांना पीळ देऊन चढवायची. फांदी मोडू न देता ते करणारं दुसरं कुणी त्या भागात नव्हतं. सगळी काचघरं वाटून घेतल्यासारखी ती आठवडाभर फिरायची. कामाला सुरुवात करायची ती नेहमी मागच्या टोकापासून, कारण सकाळी तिकडे उजेड चांगला असे. दाराशी पोचेपर्यंत तिचा दिवस संपत आलेला असे.

डॉक्टरांना हे माहीत होतं.  त्यांनी आजारी फांदीचा शेंडा तोडून खिशात टाकला आणि जेवायला बसले. जेवण चांगलं झालं होतं, असं ते दोनदा म्हणाले. ताईच्या लक्षात आलं की एरवी ते एकदाच म्हणतात.

प्रयोगशाळेत एक बाई होत्या, डॉक्टरांच्याच वयाच्या. यंत्रापुढे बसून विषाणूच्या आतली अक्षरं वाचण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्या कधी आवाज चढवत नसत आणि कुणाचं कौतुकही करत नसत. निकाल आला त्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना बोलावलं नाही. त्या स्वतः उठून त्यांच्या खोलीत आल्या आणि दार लावून घेतलं, तेव्हाच डॉक्टर काय ते समजले.

"कवचाच्या प्रथिनात एक जागा बदललीय," बाई म्हणाल्या. "पोलादी विषाणूला जिथून ओळखते, नेमकी तीच जागा. तिच्या डोळ्यांना आता हा दिसतच नाही."

"असा बदल केला की विषाणू लुळा पडतो. साध्या मिरचीवर तर त्याला धड वाढताही येत नाही," डॉक्टर म्हणाले. हे त्यांनी कितीतरी भाषणांत सांगितलं होतं. विषाणूलाही फुकट काही मिळत नाही. कुलूप उघडायचं तर ताकद गमवावी लागते.

"पडला होता लुळा. मग दुसरीकडे आणखी एक बदल करून त्यानं ते नुकसान भरून काढलंय. हे काही एका हंगामात होत नाही, सर. याला कुणीतरी बराच काळ पोलादीवरच वाढवलंय. हळूहळू, काळजी घेऊन." बाईंनी निकालाचा कागद टेबलावर ठेवला. "दोन्ही बदल मी आपल्या ठेवणीतल्या विषाणूत शोधले. आहेत. हा आपलाच आहे."

केंद्रात नव्या रोपांची परीक्षा घ्यायची एक रीत होती. आजारी पानं वाटून त्यांचा रस काढायचा, त्यात बारीक वाळूसारखी पूड मिसळायची आणि तो रस रोपांच्या पानांवर बोटानं चोळायचा. जी रोपं ठिपके पाडून तरतात ती ठेवायची, बाकीची उपटायची. त्यासाठी विषाणू जिवंत ठेवावा लागे. नियमानं तो दर वेळी शीतपेटीतून मूळचा काढायला हवा होता. पण शीतपेटीतला विषाणू मलूल असे, आणि डॉक्टरांना परीक्षा कडक लागे. म्हणून ते मागच्या परीक्षेतल्या सगळ्यांत आजारी रोपाचा रस पुढच्या परीक्षेला वापरत. पोलादीच्या हजारो रोपांत एखादं भलतंच आजारी पडे. डॉक्टर म्हणत, बियाण्यात साधं बी मिसळलं असणार. सगळेच असं म्हणतात. आणि इतकं छान आजारी रोप वाया कशाला घालवायचं, म्हणून त्याचाच रस ते पुढे चालवत.

निवड करण्यात डॉक्टरांचा हात कुणी धरू शकत नसे. एवढी वर्षं ते उत्तम मिरची निवडत होते आणि तितक्याच मायेनं, त्याच टेबलावर, उत्तम विषाणूही निवडत होते. पहिल्या निवडीला त्यांनी नाव दिलं होतं. दुसरी आठवड्यातून एकदा त्यांच्याबरोबर बहिणीकडे जेवायला जात होती.

"मी वरिष्ठांना कळवते," बाई म्हणाल्या.

"कळवा. पण तिकडे मीच सांगतो."

वरिष्ठांनी दुपारीच फोन केला. चाचणीघर जाळून रिकामं करायला त्यांची ना नव्हती, फक्त बाहेर बोलताना 'आपला' हा शब्द वापरू नये, एवढं त्यांचं म्हणणं होतं.

डॉक्टर कामाच्या दिवशी दारात उभे राहिलेले पाहून ताई दचकली. ते काचघराकडे गेले नाहीत, बाहेरच्या बाकावर बसले. आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं: रस, ठेवण, कोट, अंगठा. भावोजींनी पहिल्यांदाच चेष्टा केली नाही.

ताई बराच वेळ पदराच्या टोकाशी खेळत राहिली. "म्हणजे सगळं उपटायचं?"

"सगळं. मुळांसकट. आणि जाळायचं."

"ठीक आहे. उपटू." ती उठली, परत बसली. "पण तू हे कुणाला सांगायचं नाहीस."

"ताई, त्या बाईवर..."

"त्या बाईला मी कालच येऊ नको म्हणून सांगितलं. बागायतदारांच्या अध्यक्षांच्याही कानावर घातलं. त्यांनी सगळ्यांना फोन केले. आता कुणी तिला दारात उभं करत नाहीये. झालं ते झालं."

"तिनं काही केलेलं नाही."

"मग? तिला दुसरीकडे काम मिळेल. हात आहेत तिला. तुला कोण दुसरं नाव देणार आहे या वयात? माझ्या नणंदा मला काय म्हणतील? भाऊ मिरचीचा डॉक्टर, आणि बहिणीच्याच घरात रोग घालून गेला! छोट्या, आईनं तुला माझ्या ओटीत टाकलं तेव्हा तू एवढासा होतास. मी आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही."

हे मात्र खरं होतं. तिनं मागितलं नव्हतं. आणि न मागितलेल्या सगळ्याचा हिशेब तिच्याकडे चोख होता. तो एकदम समोर आला तेव्हा डॉक्टरांना मान खाली घालावी लागली.

"बोला ना तुम्ही काहीतरी," ती नवऱ्याला म्हणाली.

"मी एकदा बोललो होतो," भावोजी म्हणाले. "गप्प बसा म्हणालीस."

दोरीवाली दोन दिवसांनी केंद्राच्या फाटकाशी आली. पहारेकऱ्यानं तिला आत सोडलं नाही. तिथेही फोन पोचला होता. डॉक्टर बाहेर आले. तिनं धुतलेली साडी नेसली होती, केस चापून बसवले होते. दवाखान्यात किंवा कचेरीत जाताना माणसं करतात तसा सगळा नीटनेटकेपणा. हात मात्र मिरचीच्या रसानं काळपट हिरवे झालेले होते, ते काही धुण्यानं जाणारे नव्हते. तिनं ते पदराखाली घेतले.

"डॉक्टरसाहेब, एकच काम होतं. तुमच्या शब्दाबाहेर कुणी नाही. तुम्ही नुसतं एवढं सांगा, की हा रोग हातानं येत नाही."

डॉक्टरांना वाटलं होतं ती रडेल, भांडेल. या मागणीची तयारी त्यांनी केली नव्हती.

"तसं नाही सांगता येणार," ते म्हणाले. "तो हातानंच येतो."

तिचा चेहरा उतरला. "मग झालंच."

"पण तुमच्या हातानं नाही आला."

"म्हणजे? मग कोणाच्या?"

रस्त्यावरून एक मालट्रक गेला. तो जाईपर्यंत थांबायचं निमित्त डॉक्टरांनी साधलं. मग सांगितलं. ती ऐकत होती तेव्हा तिची नजर त्यांच्या तोंडाकडे नव्हती, त्यांच्या अंगठ्याकडे होती.

"ताईंना ठाऊक आहे?"

"हो."

"कधीपासून?"

डॉक्टरांनी अंगठा मुठीत घेतला, आणि तिनं पुन्हा विचारलं नाही.

"माझे वडील घरात पडून आहेत," ती म्हणाली. "त्यांना ऐकू येत नाही, म्हणून बरं आहे. लोक दाराशी येऊन काय काय बोलून जातात. मी दहा ठिकाणी जाऊन सांगितलं तर म्हणतात, कांगावा करतेय. तुम्ही एकदा सांगितलंत की भागेल. तिथे सांगा, सगळ्यांसमोर. मला दुसरं काही नको."

"सांगतो," डॉक्टर म्हणाले. आणि ते शब्दाचे पक्के होते, हे त्यांच्या बाजूनं लिहून ठेवायला हवं.

बागायतदारांची सभा बाजार समितीच्या हॉलमध्ये भरली. अध्यक्षांनी हौसेनं नवा ध्वनिक्षेपक आणला होता आणि तो दर वाक्याला शिट्टी मारत होता. पुढच्या रांगेत ताई बसली होती, पाठ ताठ करून. दोरीवालीला कुणी आत या म्हटलं नाही आणि बाहेर जा असंही म्हटलं नाही. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. तिच्या आजूबाजूच्या खुर्च्या मोकळ्या राहिल्या.

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. वरिष्ठांनी गाळायला सांगितलेला शब्द त्यांनी पहिल्याच वाक्यात वापरला. हा विषाणू आपल्या केंद्रातला आहे. मी त्याला नकळत पोलादीवर वाढवत गेलो, त्यामुळे तो बदलला. माझ्या कपड्यांवरून, माझ्या हातावरून तो माझ्या बहिणीच्या काचघरात गेला आणि तिथून पुढे. या बाईंचा यात काडीचाही संबंध नाही. पुढच्या हंगामाला पोलादी सगळीकडे लावू नका. जितकी जास्त लावाल तितका याला चारा मिळेल.

हॉलमध्ये कुजबुज झाली. शेवटचं वाक्य कुणालाच आवडलं नव्हतं. पुढच्या लावणीचं पोलादीचं बियाणं बहुतेकांच्या घरी येऊन पडलेलं होतं.

मागून एक जण उठला. "डॉक्टर, म्हणजे पोलादी खोटी निघाली?"

"पोलादी खोटी नाही. विषाणू बदलला."

"मग बदलला तो! तुम्ही कुठे बदललात?"

हशा झाला. चांगला, मोकळा हशा, बऱ्याच दिवसांनी लोकांना मिळालेला. डॉक्टरांनी पुन्हा सुरुवात केली, त्या दुसऱ्या बदलाबद्दल सांगायला लागले, प्रथिनाचं नाव घेतलं, आणि तिथेच माणसं त्यांच्या हातून सुटली. लोकांच्या चेहऱ्यावर आदर दिसू लागला. न समजलेल्या गोष्टीला ते नेहमी तोच चेहरा करत.

अध्यक्षांनी ध्वनिक्षेपक हातात घेतला. शिट्टी वाजली. "मंडळी, डॉक्टरांना आपण काही आजपासून ओळखत नाही. एका गरीब बाईची रोजीरोटी जाऊ नये म्हणून या माणसानं सगळा दोष स्वतःच्या डोक्यावर घेतला! आजच्या काळात कोण घेतो? नोकरीवर गदा येईल, नाव जाईल, कसली पर्वा नाही. याला म्हणतात मनाचा मोठेपणा."

"नाही, अहो, हे खरंच..." डॉक्टर म्हणाले, पण ध्वनिक्षेपक त्यांच्याकडे नव्हता.

टाळ्या वाजल्या. पुढची रांग उभी राहिली, मग मागची. ताई सगळ्यांत शेवटी उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तिनंही टाळ्या वाजवल्या. तिला बहुतेक त्या क्षणी तसंच वाटायला लागलं होतं. ज्या माणसाचं बी घरात आहे त्याच्याच अंगठ्यावर रोग आहे, हे पटवून घेणं कुणाला परवडणार होतं? एका बाईच्या हातावर तो ठेवला की सगळ्यांची लावणी वेळेवर होत होती.

मग अध्यक्षांनी तपशिलाच्या गोष्टी उरकल्या. बाधित काचघरांतली झाडं उपटायची. इतरांनी पोलादी लावायला हरकत नाही, फक्त बाहेरच्या रोजंदारीच्या माणसांना यापुढे एकाहून जास्त घरी काम देऊ नये. त्या बाईबद्दल कुणाच्या मनात राग नाही, डॉक्टरांच्या शब्दाखातर तो विषय आपण मिटवला. मात्र काळजी म्हणून तूर्त तिला कुणी बोलावू नये, म्हणजे तिलाही त्रास नको. याच्या बाजूनं हात वर करा म्हटल्यावर सगळे हात वर गेले. एकमत झालं.

दाराशी गर्दी दाटली. माणसं डॉक्टरांच्या खांद्यावर हात ठेवून जात होती, हात हातात घेऊन दाबत होती, आणि डॉक्टर ते सोडवून घ्यायचा प्रयत्न करत होते. "हात नका देऊ," ते म्हणत होते, "अहो, हात नका देऊ." लोक त्यालाही विनय समजले.

भावोजी मात्र चार पावलं लांब उभे राहिले आणि आपले दोन्ही हात पाठीशी बांधून घेतले. 

दोरीवाली चौकटीशी होती तिथेच होती. अध्यक्ष डॉक्टरांना घेऊन बाहेर पडत होते. ती दिसली तसे ते थांबले. ते काही वाईट माणूस नव्हते. त्यांना वाटलं, प्रसंग गोड व्हावा.

"काय बाई, ऐकलंत ना? तुमच्यासाठी केवढं केलं डॉक्टरांनी. चार लोकांत स्वतःची अब्रू पणाला लावली. आभार तरी माना."

तिनं अध्यक्षांकडे पाहिलं नाही. ती डॉक्टरांकडे बघत राहिली. आता ते बोलतील, इथे शिट्टी मारणारं यंत्र नाही, इथे कुणी आडवं येणार नाही, असं तिला वाटत असावं. भोवती माणसं जमली, कौतुकानं. ताईही येऊन उभी राहिली आणि तिनं भावाच्या कोटाची कॉलर सारखी केली.

डॉक्टरांनी तोंड उघडलं. आतमध्ये सगळी वाक्यं होती, क्रमानं लावलेली, पुराव्यासकट. त्यातलं एकही पुन्हा सांगून उपयोग नव्हता, आणि तरी सांगायला हवं होतं.

ते उशीर करत आहेत हे पाहून तीच बोलली. आवाज साधा होता, दुकानात भाव विचारावा तसा.

"आभारी आहे, साहेब."

आणि इतकी वर्षं लोकांच्या आभारांना उत्तर देऊन देऊन जिभेवर बसलेलं वाक्य डॉक्टरांच्या तोंडून निघून गेलं.

"अहो, त्यात काय एवढं."